उजव्या कोपऱ्यातली टिकली

समोरून आलेल्या पांढऱ्या पिकअप ट्रकचा हॉर्न कानात शिरला तेव्हा चैत्रालीला आधी त्या ट्रकवाल्याचाच राग आला. हा शहाणा आमच्या लेनमधून उलटा कसा येतोय, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिला दिसलं की रस्त्याच्या मधली दुहेरी पिवळी रेघ तिच्या उजव्या हाताला आहे आणि डाव्या हाताला खड्डा, गवत, कुणाची तरी पत्रपेटी. सबडिव्हिजनच्या, त्यांच्या वसाहतीच्या, स्टॉप साइनवरून डावीकडे वळताना तिनं जवळची लेन घेतली होती. जपानात तशीच घेतात. गेली अकरा वर्षं रोज सकाळी कारखान्यात जाताना ती तशीच घेत आली होती, आणि हाताला सवय लागली की तो मालकाला विचारत बसत नाही. तिनं स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, टायर किंचाळले, ट्रक अंगावरून गेल्यासारखा बाजूनं गेला, त्यातल्या माणसानं तोंडानं काय म्हटलं ते काचेतून ऐकू आलं नाही पण समजलं. मग सगळं पुन्हा शांत. दुतर्फा पाइनची झाडं, पुढे चर्च, पुढे पेट्रोल पंप. शेजारी बाबा बसले होते. दोन्ही हात मांडीवर, पोटावरून पट्टा, चेहऱ्यावर जेवण चांगलं झाल्यावर येतो तसा निवांतपणा. तिला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "आज गर्दी नाही फारशी." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. एकनाथराव गाडीत शेजारी बसले आणि ओरडले नाहीत असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. पंधराव्या वर्षी अमेरिकेतल्या याच अल्फारेटात, एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी तिला गाडी शिकवली होती आणि तिथं भिंती नव्हत्या, माणसं नव्हती, धडकायला दिव्याचा एक खांब होता, तरी ते ओरडले होते. आरसा बघितला नाहीस. इंडिकेटर दिला नाहीस. दिलास, पण उशिरा दिलास. मागच्या सीटवर मिहीर, तिचा धाकटा भाऊ, हसून लोळायचा. नव्याण्णव साली पुण्याहून इथं नोकरीवर आलेला हा माणूस. तिथं बजाज स्कूटरवर बायको आणि दोन पोरं घेऊन हिंडलेला, आणि इथं आल्या आल्या महिन्याभरात महामार्गावर गाडी घातलेला. उजव्या बाजूनं चालवायची ती सवय त्यांनी स्वतःला मारूनमुटकून लावली होती. त्या दिवसांत गाडीत कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मग आज, लेक चक्क उलट्या बाजूनं गाडी घालते आणि यांना ते दिसत नाही? दिसलं आणि घाबरून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ते घाबरलेले नव्हते. चैत्रालीच्या तळहातांना घाम सुटला तो त्या ट्रकमुळे नव्हता. तो बाबांच्या शांतपणामुळे होता.

इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये तिनं गाडी लावली. "तुम्ही कोथिंबीर आणि दही घेऊन या, मी बसते," ती म्हणाली, आणि ते उतरून सरळ, ताठ चालत आत गेले. चालण्यात काही फरक नव्हता. शर्ट खोचलेला, पट्ट्याला फोनचं पाकीट. ती बघत राहिली आणि तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. तांदूळ निवडायला घेतले की जसा पहिला खडा दिसतो आणि मग सगळीकडे खडेच दिसतात, तसं झालं. परवा एअरपोर्टवरून आणताना आई पुढे बसली होती. आई कधी पुढे बसत नसे; तिला पुढे बसलं की रस्ता अंगावर येतो असं वाटायचं. काल देवळात जाताना स्टॉप साइनला बाबा किती वेळ थांबले होते. रस्ता मोकळा होता, तरी थांबले, आणि मागून शेजारची गाडी येऊन वळसा घालून पुढे गेली तेव्हा तिच्या मागोमाग निघाले. चैत्रालीला तेव्हा कौतुक वाटलं होतं. तिच्या कारखान्यात दोन गल्ल्या जिथं मिळतात तिथं प्रत्येक माणूस, अगदी मॅनेजरसुद्धा, थांबतो, बोटानं उजवीकडे, डावीकडे, समोर दाखवतो आणि मोठ्यानं "ठीक" म्हणतो, मगच पाऊल उचलतो. तिनं बाबांना ते हसत हसत सांगितलंही होतं. "चांगली पद्धत आहे," ते म्हणाले होते. "फारच चांगली पद्धत आहे." आणि आज निघताना किल्ली तिच्याकडे टाकली होती. "घे, बघू तरी तुझं जपानी ड्रायव्हिंग." ज्या माणसानं तिच्या लग्नाळू वयात नवरा शोधायचा अधिकार तिला सहज दिला, पण गाडीची किल्ली दिली नाही, त्या माणसानं.

मग तिला टिकली दिसली. पुढच्या काचेवर, उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. मरून रंगाची, आईची नेहमीची. आल्या दिवशीच दिसली होती आणि ती मनाशी हसलीही होती, कारण आईच्या टिकल्या घरभर असतात: न्हाणीघराच्या आरशावर, कपाटाच्या दारावर, फ्रिजच्या मुठीवर, एकदा तर मिहीरच्या कॅल्क्युलेटरवर निघाली होती. तोंड धुताना काढायची आणि जवळ जे असेल त्याला चिकटवायची, ही जगातल्या तमाम आयांची रीत. पण आईनं गाडीत बसून तोंड कधी धुतलं? चैत्राली पुढे वाकली. टिकली नवी होती. कडा उचललेल्या नव्हत्या, धूळ नव्हती. आणि ही टिकली तिनं पूर्वी पाहिली होती, याच जागी, पहिल्या सेकंडहँड निळ्या गाडीत. "ही टिकली ज्या अंगाला, ते आपलं अंग," आईनं तेव्हा बाबांना सांगितलं होतं, अंगठ्यानं ती घट्ट दाबत. "रस्त्याची कड टिकलीकडे यायला पाहिजे. बाकी काही लक्षात ठेवू नका." बाबा महिनाभर त्या टिकलीकडे बघत गाडी चालवत होते. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच नखानं ती काढली आणि आईच्या कपाळावर लावली, आणि सगळेच हसले होते. चैत्रालीला ते हसणं अजून ऐकू येत होतं. म्हणजे आईला माहीत होतं. तिला माहीत होतं आणि तिनं नवी टिकली लावली होती, आणि दोन्ही पोरांपैकी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. बाबा दुकानातून बाहेर आले. हातात कोथिंबीर होती. दही नव्हतं.

घरी आल्यावर आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती. आईचा, म्हणजे वीणाताईंचा, उजवा डोळा आता नावालाच होता आणि डावाही त्याच वाटेवर. पडद्यामागे पाणी साचायचं म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे, आणि तो डॉक्टर अर्ध्या तासाच्या अंतरावर, महामार्गावरून. त्यांना समोरचं नीट दिसत नसे, कडेचं दिसे. भाकरीकडे त्या जराशी मान वाकडी करून बघत होत्या, कोंबडी दाणा बघते तशी.

"आई, गाडीच्या काचेवर टिकली कसली आहे गं?"

"कसली टिकली? लागली असेल कुठेतरी. माझ्या टिकल्यांचं काय घेऊन बसलीस."

"आई."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. बाहेर हॉलमध्ये बाबा टीव्हीवर क्रिकेट बघत होते, आवाज मोठा होता.

"हळू बोल," आई म्हणाली. "आणि मिहीरला सांगू नकोस. तुला शपथ आहे."

"किती दिवस झाले?"

"रोज नसतं. एखाद्या दिवशी असतं. बाकी सगळं नीट आहे त्यांचं, बिलं भरतात, माझ्या गोळ्या देतात, तारीख विसरत नाहीत. फक्त वळताना... मोकळा रस्ता असला की. पुढे गाडी असली की काही नाही. आणि मी असते ना शेजारी. मी सांगते, टिकलीकडे हो, टिकलीकडे."

"तुला दिसत नाही आई!"

"कडेचं दिसतं की."

एरवी चैत्राली हसली असती. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसून जत्रेला निघतो, ती शाळेत ऐकलेली गोष्ट. त्यात दोघं सुखरूप पोचतात. त्या गोष्टीत महामार्ग नव्हता. तिला ते दोघं दिसले, ताशी सत्तर मैलांनी, एक जण विंडशील्डच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे बघतोय आणि दुसरी मान वाकडी करून कडेचं गवत बघतेय, आणि समोर कुणीच बघत नाहीये. "बंद करायला पाहिजे हे," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवू. किल्ल्या काढून घेऊ." तिचा आवाज तिलाच कारखान्यातल्या मॅनेजरसारखा वाटला.

आईनं भाकरी उलटली. मग वर न बघता, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "तू राहणार आहेस का इथं?"

तव्यावरची भाकरी फुगली.

"मिहीर येणार आहे का एवढ्या लांबून, प्लेनोहून? नाही ना? नेईल आम्हाला तिकडे. वरच्या मजल्यावरची खोली देईल. चांगला आहे तो, त्याची बायकोही चांगली आहे. पण हे तिथं मरतील गं, चैत्रा. इथं दुकान, देऊळ, चालायला जातात ते तळं, सगळं ह्यांचं ह्यांचं आहे. गाडी गेली की ह्यांतलं काही राहत नाही. तेव्हा तुम्ही राहणार नसाल तर टिकली राहू दे."

ह्याला काय उत्तर द्यायचं? चैत्रालीला खरं उत्तर माहीत होतं आणि त्याचीच तिला भीती वाटली, ट्रकपेक्षा जास्त. तिला राहायचं नव्हतं. जपानातल्या टोयोहाशीतलं तिचं दोन खोल्यांचं घर, खिडकीतून दिसणारी रेल्वेलाइन, पिवळ्या नंबरप्लेटची डबीएवढी गाडी, दुकानातल्या बाईचं रोजचं तेच वाकून अभिवादन, कुणी काही विचारत नाही असे शनिवार आणि रविवार. ते तिनं एकटीनं, कुणाची मदत न घेता उभं केलं होतं. आईबाप म्हातारे होतील हे तिला माहीत होतं, जसं सगळ्यांना माहीत असतं: कधीतरी. तिच्या हिशेबात ते फोनवर म्हातारे होणार होते. दर रविवारी थोडे थोडे. आता स्वयंपाकघरात उभं राहून तिला वाटलं, आपण आत्ता एक शब्द बोललो तर तो परत घेता येणार नाही. मुलगी, बिनलग्नाची, नोकरी काय कुठेही मिळेल. मिहीर बोलणार नाही, पण त्याच्या गप्प बसण्यातून ते ऐकू येईल. ती घाबरली होती, आई मरेल म्हणून, बाबा मरतील म्हणून, कुणाचं तरी पोर बसलेली गाडी समोरून येईल म्हणून. आणि या सगळ्याच्या तळाशी, लाज वाटण्यासारखी, ती स्वतःसाठी घाबरली होती.

मिहीरचा फोन आला तेव्हा ती तळ्याकाठी चालत होती. "ताई, कसे आहेत दोघं? बाबा फोन लवकर ठेवतात यार हल्ली. अजून ड्राइव्ह करतायत ना?" करतात, ती म्हणाली. "ग्रेट. तेवढं चालू आहे तोपर्यंत टेन्शन नाही." हो, ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती पाण्यातल्या बदकांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी शिवांगीकडे जेवायला गेली. ही शाळेपासूनची मैत्रीण, आता दोन मुलांची आई, नोकरी, मोठं घर, बोलायला घेतलं की थांबत नाही अशी. चैत्रालीनं आडून विषय काढला. "अगं, माझ्या सासऱ्यांच्या कीज काढून घेतल्या ना आम्ही," शिवांगी बिर्याणी वाढत म्हणाली, "डॉक्टरनंच रिपोर्ट केलं, लायसन्स कॅन्सल झालं. बरोबरच केलं गं, सेफ्टी आहे. पण त्या दिवसापासून माणूस बसला तो बसलाच. आता विचारलं की चला, बाहेर जाऊ, तर म्हणतात, तुम्ही जा." तिनं वाटीत रायतं घातलं. "तू का विचारतेस? काका ठीक आहेत ना?" एकदम मस्त, चैत्राली म्हणाली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे तिला जपानात कळलं नव्हतं. तिथं तिला कुणी काही विचारतच नसे.

उरलेले दिवस तिनं गाडी स्वतः चालवली. लायब्ररी, देऊळ, आईचं इंजेक्शन. सुट्टी आहे, मला मजा येते, असं म्हणत. रोज पहिल्या वळणाला तिची नजर आपसूक त्या कोपऱ्यात जायची. टिकली तिलाही लागत होती. बाबा शेजारी बसून काहीबाही बोलायचे, पुण्यातल्या चाळीतलं, कंपनीतलं. एकदाही ओरडले नाहीत. ते किती लवकर मऊ झाले होते! रात्री पडल्या पडल्या ती ठरवायची, उद्या बोलायचं. आणि सकाळी बाबा चहाचा कप हातात द्यायचे, साखर बरोबर घातलेली, आणि तिला वाटायचं, ज्याला माझी साखर आठवते त्याला काय झालंय?

जायच्या दिवशी एअरपोर्टला बाबाच सोडणार हे ठरलेलंच होतं. टॅक्सी म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "आजवर कधी तुला टॅक्सीनं पाठवलंय?" गॅरेजमध्ये बॅगा ठेवताना ती एकटी होती. पुढचं दार उघडं होतं. तिनं आत वाकून नखानं टिकलीची कड उचलली. मुद्दाम केलं असं ती नंतर म्हणणार होती, म्हणजे प्रश्न उघड्यावर येईल, कुणाला तरी बोलावं लागेल. पण त्या क्षणी तिला एवढंच कळत होतं की ही एवढीशी वस्तू तिथं ठेवून आपल्याला विमानात बसवणार नाही. आणि काढूनही बसवणार नाही. टिकली निघाली आणि तिच्या बोटाच्या टोकाला चिकटून राहिली. तेवढ्यात बाबा आले, किल्ली खुळखुळवत. "बस पुढे. आई मागे बसेल आज. पाहुणी तू."

आई मागे बसली. तिला कोपऱ्यातलं काही दिसलं नाही. गाडी ड्राइव्हवेतून निघाली, गल्लीतून हळूहळू, फाटकापाशी, स्टॉप साइनला थांबली. सकाळ स्वच्छ होती, इंडिकेटर टकटक वाजत होता, रस्त्यावर दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. चैत्रालीनं सीटची कड घट्ट धरली. एक हात तिनं मोकळा ठेवला होता, लागलं तर स्टिअरिंग ओढायला. बाबांनी काचेच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. त्यांचा हात स्टिअरिंगवर वर-खाली झाला. मागे एक गाडी येऊन थांबली, थोडा वेळ वाट पाहिली, हॉर्न दिला. बाबांच्या मानेला घाम आला होता. त्यांनी तिच्याकडे मान वळवली आणि ती नजर तिनं त्यांची कधीच पाहिली नव्हती. प्रश्नपत्रिका उलटीसुलटी करून बघणाऱ्या मुलाची असते तशी.

"इथं एक टिकली होती गं," ते म्हणाले.

मागून आईनं श्वास घेतलेला तिला ऐकू आला.

"मी काढली, बाबा." तिनं बोट पुढे केलं. मरून ठिपका तिच्या बोटावर होता. ती रडत होती हे तिला तेव्हा कळलं. "मी काढली."

ते चिडले नाहीत. मागची गाडी वळसा घालून निघून गेली. तिच्या मागे जायचं त्यांना सुचलं नाही किंवा जावंसं वाटलं नाही. त्यांनी गियर पार्कवर टाकला, धोक्याचे दिवे लावले, आरसा बघितला, सगळं अगदी नियमानं. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी तू डावीकडून घेतलीस ना," ते म्हणाले, समोर बघत, "तेव्हा मला इतकं बरं वाटलं. वाटलं, चला, म्हणजे मीच बरोबर होतो. इतके दिवस ही मला उगाच सांगत होती." ते थोडं हसले. "मग तो ट्रक आला."

"तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

"काय बोलणार? कुठली बाजू म्हणून ओरडू?"

दिवे लुकलुकत होते. शेवटी बाबांनी स्वतःच पट्टा सोडला, उतरले, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले, पाहुण्याला उतरवून घेतात तसे. ती उतरली. स्टिअरिंगपाशी जाऊन बसली. सीट पुढे ओढली. बाबा शेजारी बसले, आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन बोटावरची टिकली हलकेच काढली, पुढे वाकले, आणि काचेच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्यानं घट्ट दाबून लावली.

"राहू दे," ते म्हणाले. "तूसुद्धा विसरतेस."

"फ्लाइट चुकेल तिची," मागून आई म्हणाली. कोणत्या आवाजात म्हणाली ते चैत्रालीला कळलं नाही. डावीकडे वळलं की एअरपोर्ट होता. मागे फिरलं की घर. तिनं इंजिन सुरू केलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. रस्ता पार शेवटपर्यंत मोकळा होता. बाबा शेजारी मांडीवर हात ठेवून शांत बसले होते, आणि तिला काही केल्या गाडी पुढे काढवेना.